बिनतारी कासरा

लाखनी हे भंडारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. गावाभोवती दूरवर धानाची शेती पसरलेली आहे. पावसाळ्यात येथील बांध्या पाण्याने तुडुंब भरतात आणि त्यांत रोवणी चालते. दिवाळीच्या सुमारास धान पिकू लागते. कापणी उरकली, की चिखल वाळून त्याची टणक ढेकळे होतात, धानाचे खुंट उभे राहतात आणि बांधीबांधीमधले धुरे उघडे पडतात.

शेतीची कामे हलकी झाली, की या भागातील लोकांना शंकरपटाचे वेध लागतात. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. बैलांच्या छळाचा प्रश्न पुढे येऊन सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने अशा शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना नियम व अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. पटासाठी जोडी निवडताना जाणता शेतकरी केवळ शिंगांचा डौल पाहत नाही. जमीन भुसभुशीत आहे की टणक, दोन्ही बैलांची चाल जुळते की नाही, छकडा किती हलका आहे आणि कासरा धरणाऱ्या धुरकऱ्याचा हात किती स्थिर आहे, हे सारे तो एकत्र तोलून पाहतो. एक बैल कितीही चपळ असला, तरी त्याचा जोडीदार मागे पडत असेल, तर जोडी तिरपी धावते आणि चपळ बैलाचे बळ वाया जाते.

आता मुलांना आणि मोठ्या माणसांनाही आणखी एका शर्यतीचा छंद जडला आहे. तिच्यात बैल नाहीत आणि कासराही नाही. सुमारे हातभर लांबीचा एक ट्रक माती, वाळू, खडे व उंचवटे तुडवीत धावतो, आणि त्याला चालविणारा खेळाडू दूर एका जागी उभा राहून हातातील रिमोटने त्याला वळवितो. ट्रक आणि खेळाडू यांच्यामध्ये फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओलहरी असतात. त्यांना बिनतारी कासरा म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

या बिनतारी कासऱ्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे पाठविल्या, त्यांच्या योगाने दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नाव सोडली आणि तिला स्पर्शही न करता रेडिओलहरींनी चालवून प्रेक्षकांना थक्क केले. पुढे १९७६ साली जपानमधील तामिया या कंपनीने पोर्श ९३४ या शर्यतीच्या मोटारीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. ती मूळ मोटारीच्या एकबारांश आकाराची होती आणि सपाट जागेवर धावे. १९७९ साली त्याच कंपनीने वाळूत व खडबडीत जमिनीवर धावणाऱ्या गाड्या काढल्या. आजचे शर्यतीचे ट्रक त्याच परंपरेतील होत.

अशा ट्रकची रचना समजून घेणे कठीण नाही. खेळाडूच्या हातातील रिमोट लहरी सोडतो. ट्रकमध्ये बसविलेला रिसीव्हर त्या ग्रहण करतो आणि दोन भागांना आज्ञा देतो. पहिला भाग म्हणजे सर्व्हो. ही एक लहानशी मोटरपेटी असून ती पुढची चाके वळविते. दुसरा भाग म्हणजे वेगनियंत्रक. बॅटरीतून मुख्य मोटरकडे किती वीज जाऊ द्यावयाची, हे तो ठरवितो. सर्व्होला मिळणारी आज्ञा मोठी गमतीची असते. रिसीव्हर त्याच्याकडे दर सेकंदाला सुमारे पन्नास विद्युत्-स्पंद पाठवितो. स्पंद दीड मिलिसेकंद टिकला, तर चाके सरळ राहतात. तो एक मिलिसेकंदाइतका आखूड झाला, तर चाके एका बाजूला वळतात. दोन मिलिसेकंदांइतका लांबला, तर दुसऱ्या बाजूला वळतात. सेकंदाच्या हजाराव्या भागातील या फरकावर ट्रकची दिशा अवलंबून असते.

जुन्या गाड्यांत पुष्कळदा २७ मेगाहर्ट्झची लहर वापरीत. तिची लांबी सुमारे अकरा मीटर असे, त्यामुळे लांबलचक तारेची गरज पडे. दोन गाड्यांची लहर नेमकी एक निघाली, तर एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी बिथरे. आताच्या बहुतेक गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणून बोटभर तार पुरते. शिवाय प्रत्येक रिमोटची खूण त्याच्या रिसीव्हरला ठाऊक असते. त्यामुळे अनेक ट्रक एकाच वेळी धावले, तरी आज्ञांची सरमिसळ होत नाही.

आता लाखनीतील एखाद्या विद्यार्थ्याने असा ट्रक घ्यावयाचे ठरविले, तर त्याने निवड कशी करावी? बाजारात गेल्यावर त्याचे लक्ष प्रथम वेगाच्या आकड्याकडे जाईल. वस्तुतः जाणता शेतकरी जसा आधी जमिनीचा विचार करतो, तसाच विचार येथेही आधी करावयास हवा. लाखनीच्या परिसरात गुळगुळीत धावपट्टी सहसा मिळावयाची नाही. वाळलेली बांधी, मुरमाची बरड जागा किंवा शाळेचे मैदान हेच तेथील क्रीडांगण. ढेकूळ अथवा धुऱ्याची कड चाकाच्या त्रिज्येइतकी उंच असली, की चाकाला ती चढणे फार अवघड होते. मूळ वाहनाच्या एकदशांश आकाराच्या ट्रकचे चाक सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे त्याची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटर झाली. एकअष्टादशांश आकाराच्या लहान गाडीचे चाक जेमतेम पाचसहा सेंटिमीटर व्यासाचे असते. जे ढेकूळ मोठा ट्रक सहज ओलांडतो, त्यालाच लहान गाडी अडून बसते. याउलट फार मोठी चाके आणि फार उंच सांगाडा असलेला ट्रक ढेकळांवरून चालला, तरी वेगाने वळताना कलंडतो. कारण त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून उंच असतो. बसक्या बांध्याची, उघड्या चाकांची गाडी सपाट धावपट्टीवर चपळ ठरते, पण खुंटांच्या रानात तिचे पोट जमिनीला घासते. म्हणून उघड्या खडबडीत जागेसाठी मध्यम उंचीचा, रुंद बैठकीचा ट्रक बरा.

जमिनीनंतर दुरुस्तीचा विचार येतो. काही गाड्या केवळ खेळणी असतात. त्यांचा एक दात तुटला, तरी सबंध गाडी टाकून द्यावी लागते, कारण तिचे सुटे भाग मिळत नाहीत. छंदासाठी केलेल्या ट्रकचा मात्र प्रत्येक भाग, अगदी लहानसा स्क्रूदेखील, स्वतंत्र विकत मिळतो. अशा ट्रकची किंमत हजारो रुपयांच्या घरात जाते. ती रक्कम शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरात लहान नव्हे. तेव्हा हाताशी असलेला सगळा पैसा ट्रकवरच खर्च करू नये. योग्य चार्जर, एखादी जादा भुजा, दोनचार दातेरी चाके आणि स्क्रू काढण्याची चांगली हत्यारे यांसाठी काही रक्कम राखून ठेवावी. ज्याच्याजवळ सुटा भाग नाही, त्याचा अतिवेगवान ट्रकही पहिल्या अपघातानंतर फळीवर पडून राहतो.

तिसरा विचार स्वतःच्या हाताचा. ट्रक खेळाडूपासून दूर जात असताना डावे ते डावेच असते. तोच ट्रक खेळाडूच्या दिशेने परतू लागला, की ट्रकचे डावे हे खेळाडूचे उजवे होते. ही एक गोष्ट अंगवळणी पडावयास कित्येक दिवस लागतात. नवशिक्याने आरंभी मंद वेगाचा, केवळ मागच्या दोन चाकांना बळ देणारा साधा ट्रक घेतला, तर त्याचे हित होते. चारही चाकांना बळ देणारा ट्रक मातीवर अधिक घट्ट पकड घेतो हे खरे. परंतु त्यात भाग अधिक, वजन अधिक आणि दुरुस्तीही अधिक.

ट्रक घरी आला, चार दिवस धावला, की त्यात सुधारणा करण्याची इच्छा होते. ही इच्छा स्वाभाविक आहे, पण खरी परीक्षा येथेच असते. समजा, एका विद्यार्थ्याने ट्रकमधील ७.४ व्होल्टची दोन घटांची बॅटरी काढून ११.१ व्होल्टची तीन घटांची बॅटरी जोडली, आणि त्याच्या मोटरला व वेगनियंत्रकाला तो दाब सोसणारा आहे. मोटरच्या फेऱ्या व्होल्टच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे ट्रकचा वेग साधारण दीडपट झाला. परंतु धावत्या वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला, तर ऊर्जा सव्वादोनपट होते. पूर्वी धुऱ्यावर आदळून जो ट्रक नुसता उलटत असे, त्याच्यावर आता सव्वादोनपट आघात होऊ लागतो.

पहिल्याच दिवशी प्लॅस्टिकच्या दातेरी चाकाचे दात उडाले. विद्यार्थ्याने पोलादी चाक बसविले. आता ते चाक मोडेना, पण त्याच्यापुढचा दांडा पिळला गेला. दांडाही पोलादी केला, तेव्हा ताण आतल्या गिअरपेटीवर गेला आणि तिचे दात झिजले. प्रत्येक वेळी त्याला वाटले, की आता दोष संपला. प्रत्यक्षात दोष संपला नव्हता; त्याने केवळ जागा बदलली होती. सगळे भाग बदलून झाले, तेव्हा दुसऱ्या ट्रकचे पैसे खर्ची पडले आणि मूळचा ट्रक वजनाने जड झाला.

यावरून यंत्रशास्त्रातील एक मोठी गोष्ट कळते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. एक कडी भक्कम केली, की ताण पुढच्या दुबळ्या कडीवर जातो. इतकेच नव्हे, तर काही भाग मुद्दामच नरम ठेवलेले असतात. घरातील फ्यूजची बारीक तार जळते, म्हणून घरातील वायरिंग वाचते. ट्रकमधील प्लॅस्टिकची भुजा धक्का बसताच वाकते आणि पुन्हा सरळ होते. फार मोठा धक्का बसला, तर ती स्वतः मोडते आणि मुख्य सांगाडा वाचविते. तिच्या जागी चकचकीत ॲल्युमिनियमची भुजा लावली, तर ती दिसते सुंदर. पण एक तर ती वाकून तशीच राहते किंवा सगळा धक्का सांगाड्याकडे पाठविते. स्वस्त भाग वाचविण्याच्या नादात महाग भाग मोडतो. म्हणून एखादा भाग मोडला, तर तो आणखी मजबूत कसा करावा, एवढेच विचारू नये. तो का मोडला आणि तो मोडल्यामुळे काय वाचले, हेही विचारावे.

मग सुधारणा कोणत्या क्रमाने करावी? आरंभ टायरांपासून करावा. मोटरचे सारे बळ अखेर टायरांतूनच जमिनीला पोचते. कोरड्या, टणक मातीवर आखूड व दाट दात्यांचे टायर चांगले धावतात. भुसभुशीत मातीला लांब दाते लागतात. टायर घसरत असतील, तर मोठी मोटर फक्त धूळ उडविते. त्यानंतर बेअरिंग पाहावीत. काही ट्रकांमध्ये आस साध्या कड्यांत फिरतात. त्यांच्या जागी बंदिस्त बॉल बेअरिंग बसविली, की घर्षण कमी होते, बॅटरी अधिक काळ टिकते आणि धूळही आत शिरत नाही. ही सुधारणा तुलनेने स्वस्त असून तिने कोणत्याही भागावरचा ताण वाढत नाही.

तिसरा क्रम धक्काशोषकांचा. त्यांतील स्प्रिंग ट्रकचा भार पेलते आणि तेल स्प्रिंगचे हेलकावे शमविते. तेल फार पातळ असेल, तर ट्रक उंचवट्यावरून उतरल्यावर चेंडूसारखा उसळतो. फार घट्ट असेल, तर चाक खड्ड्यात वेळेवर उतरत नाही. उष्णतेने तेल पातळ होते. म्हणून हिवाळ्यातील सकाळी जे तेल योग्य वाटते, तेच विदर्भाच्या वैशाखात पाण्यासारखे वाटू लागते आणि अधिक घट्ट तेल भरावे लागते.

यानंतर मोटरवरील लहान दातेरी चाकाचा विचार करावा. समजा, मोटरवरील चाकाला २० दात आहेत आणि त्याने फिरणाऱ्या मोठ्या चाकाला ८०. मोटरच्या चार फेऱ्यांत मोठे चाक एकदा फिरते. लहान चाक २५ दातांचे केले, तर तेच काम ३.२ फेऱ्यांत होते. ट्रकचा वेग चौथ्या हिश्शाने वाढतो, पण मोटरवरचा भार वाढून ती तापू लागते. लहान चाक १६ दातांचे केले, तर मोठ्या चाकाच्या एका फेरीस मोटरच्या पाच फेऱ्या लागतात. वेग कमी होतो, ओढ मात्र वाढते. चढाच्या, ढेकळांच्या जमिनीवर ही ओढच कामी येते. एवढ्या लहान भागाने ट्रकचा सगळा स्वभाव पालटतो. बलवान मोटर व अधिक व्होल्टची बॅटरी यांचा क्रम सर्वांत शेवटचा.

कोणतीही सुधारणा एका वेळी एकच करावी, हा नियम कधीही मोडू नये. बदलापूर्वी ठरावीक मार्गावर पाच फेऱ्या घ्याव्यात, घड्याळ लावून प्रत्येक फेरीचा वेळ वहीत लिहावा. बदलानंतर पुन्हा तशाच पाच फेऱ्या घ्याव्यात. एकाच दिवशी टायर, तेल आणि दातेरी चाक अशा तिन्ही गोष्टी बदलल्या, तर वेळ कशामुळे कमी झाला हे कोणालाही सांगता यावयाचे नाही. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ हीच पद्धत पाळतात. पुष्कळदा वही असेही सांगते, की सर्वांत मोठी सुधारणा ट्रकमध्ये झालीच नाही, ती खेळाडूच्या हातात झाली.

बॅटरीविषयी मात्र अतिशय सावध असावे. या ट्रकांत बहुधा लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी असते. तिच्या एका घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. प्रमाणाबाहेर भरलेली, दबलेली किंवा छिद्र पडलेली बॅटरी पेट घेऊ शकते. म्हणून ती त्याच जातीसाठी केलेल्या चार्जरवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, उघड्या फरशीवर भरावी. अंथरुणावर, लाकडी कपाटात किंवा तणसाच्या ढिगाजवळ कधीही भरू नये. बॅटरी फुगली असेल, तर तिचा वापर त्याच क्षणी बंद करावा.

ट्रक कोठे चालवावा, हाही विवेकाचाच भाग आहे. महामार्गावर किंवा त्याच्या कडेला तो कदापि नेऊ नये. गुरे घरी परतण्याच्या वेळी तो वाटेवर सोडू नये. बिथरलेले जनावर स्वतःला व इतरांना इजा करते. आणि धान कापले म्हणून सर्वच बांध्या मोकळ्या झाल्या असे समजू नये. या भागातील शेतकरी उभ्या धानातच लाखोळी, जवस यांसारखे बी फेकतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. धानाच्या खुंटांमध्ये ते कोवळे रोप सहज नजरेत येत नाही. एका मिनिटाच्या करमणुकीने शेतकऱ्याचे पीक तुडविले जाऊ शकते. म्हणून कोणत्याही बांधीत उतरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी.

जमीन ओळखणे, आपली ऐपत ओळखणे, यंत्राचे दुबळे अंग ओळखणे आणि बळ वाढविण्यापूर्वी ते आवरण्यास शिकणे, एवढे ज्याला साधले, त्याचा ट्रक शर्यतीत कदाचित पहिला येणार नाही. पण तो शेवटची फेरी पूर्ण करील. कासरा सुताचा असो वा रेडिओलहरींचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला विचारी माणूस असला पाहिजे.

स्वाध्याय

१. बैलजोडी निवडणारा शेतकरी आणि ट्रक निवडणारा विद्यार्थी यांनी कोणकोणत्या गोष्टी सारख्याच पाहाव्या लागतात?
२. “दोष संपला नव्हता, त्याने केवळ जागा बदलली होती,” असे या पाठात का म्हटले आहे?
३. मोटरवरील चाकाला १८ दात आणि मोठ्या चाकाला ९० दात असतील, तर मोठे चाक एकदा फिरण्यासाठी मोटरच्या किती फेऱ्या होतील?
४. ट्रकचा वेग दुप्पट झाला, तर आघाताची ऊर्जा किती पट होईल?
५. आपल्या घरातील किंवा शेतातील एखादे अवजार पाहा. त्याचा कोणता भाग सर्वांत आधी मोडतो व त्यामुळे कोणता भाग वाचतो, हे दहा ओळींत लिहा.